मोडलेल्या पायाची मालकीण

"पाय आहे तसाच राहू दे," निल्झेते म्हणाली आणि तिनं भोपळ्यात सुरी घातली.

मी चुलीवरच्या घेवड्यात डाव फिरवत होते. "कुणाचा पाय?" मी विचारलं. जसं काही आमच्या घरात पायांचं दुकानच होतं.

"इवानीचा. सोमवारी शहरात जायचं नाही. उद्या डॉक्टरांना निरोप धाडते."

इवानी म्हणजे माझी नात. त्या वेळी अंगणात कोंबडीच्या मागे धावत होती. डावा पाय जन्मापासून आत वळलेला, पाऊल आडवं पडायचं, चालताना कडेवर जोर. तरी कोंबडी हरायची. इवानी तान्ही असताना शहरातले एक डॉक्टर गावातली पोरं शाळेत तपासायला आले होते. त्यांनी पाय हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, एक ऑपरेशन, मग प्लास्टर, आणि पोरीचा तळवा जमिनीला लागेल. फुकट. फक्त नंबर लागेपर्यंत थांबायचं. आम्ही थांबलो. इतके थांबलो की पोरीला पहिला दात आला, पडला आणि नवा आला. आता सोमवारचा नंबर लागला होता, आणि माझी लेक भोपळा चिरत म्हणत होती, राहू दे.

"ताप आलाय का तुला?"

"मंगळवारी केंद्रात प्रार्थनेच्या वेळी एलोइनाताईंना दिसलं."

"त्यांना काय, रोजच काहीतरी दिसतं."

"आई, ऐकून तरी घे." निल्झेतेनं सुरी खाली ठेवली. "इवानी मागल्या जन्मी कॉफीच्या मळ्याची मालकीण होती. तिनं एका गुलाम पोरीचा पाय मोडवला. म्हणून हा पाय आलाय. ओनोफ्रेभाऊ म्हणाले, जन्माला यायच्या आधी तिनं स्वतःच हा भोग मागून घेतलाय. आपण मधेच सोडवला, तर पुढच्या जन्मी परत यायचा. दुप्पट होऊन."

"दुप्पट ओनोफ्रे म्हणाला?"

"दुप्पट मी म्हणते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "दोन्ही पायांनी पांगळी आली तर? तेव्हा तू नसशील, मी नसेन. कुणाच्या पोटी येईल, ती बाई तिला कशी वागवेल, काही माहीत नाही."

यावर हसता येत नव्हतं. मी डाव खाली ठेवला.

"मी सांगते तुला, हा ओनोफ्रे..."

"त्याच्याबद्दल बोलू नकोस. माझा पोरगा दिर्सेउ गेला तेव्हा रोज संध्याकाळी येऊन बसायचा तो माणूस. पोराचं इथलं थोडंसंच काम राहिलं होतं, ते संपवून गेला, असं मला समजावून सांगायचा. त्यानं मला विहिरीच्या काठावरून परत आणलं, आई. आणि तू काय करत होतीस? माशाची गोष्ट सांगत होतीस."

माशाची गोष्ट आमच्या सगळ्या पेद्रा मान्सा गावाला ठाऊक आहे. मी ओढ्यावर पाद्रीबाबांचा झगा धूत होते, तो एका माशानं गिळला, आणि तो मासा पुढे आठवडाभर लॅटिनमध्ये बोलत होता. रविवारी तर त्यानं दोन बेडकांचं लग्नही लावलं. निल्झेतेनं निदान एकदा तोंड उघडावं म्हणून मी ती गोष्ट तिला सांगत होते. तिनं उघडलं नाही. ओनोफ्रेला जमलं, मला नाही. हे मी नाकारत नाही.

मीही केंद्राचीच आहे, गैरसमज नको. मी पाद्रीबाबांचे झगे धुते, पण प्रार्थना आमच्या केंद्रात करते. प्रभू येशू आमचाही आहे, फक्त आम्ही मेलेल्यांना मेलेले समजत नाही. आत्मा परत परत येतो, दर खेपेला थोडा शहाणा होतो, पायरीवर बसून राहील फार तर, पण खाली उतरत नाही. मला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मी जन्मभर धुणं धुतलंय. कपडा विरतो, माणूस दुसरा कपडा घालतो. पण सदऱ्याला डाग पडला तर तो आत्ताच घासायचा असतो. पुढच्या सदऱ्यासाठी राखून कोण ठेवतं?

दुसऱ्या दिवशी मी ओनोफ्रेभाऊंच्या औषधाच्या दुकानात गेले. ते केंद्राचे प्रमुख. काटकुळा, स्वच्छ माणूस. गरिबाला औषध फुकट देतो आणि देताना त्याच्याकडे बघतही नाही, म्हणजे त्याला लाज वाटू नये. अशा माणसाशी भांडणं फार अवघड असतं. लबाड असता तर माझं काम सोपं होतं.

"भाऊ, खोकल्याच्या बाटल्या कुठं ठेवता?"

"का ताई, खोकला झालाय?"

"नाही, ओढ्यात ओतायला मदत करावी म्हटलं. खोकलाही मागल्या जन्मीचाच असेल. लोकांचा भोग कशाला अडवता?"

त्यांनी पुड्या बांधायच्या थांबवल्या आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं. "बसा, झेफेरिनाताई. खोकला वेगळा, जन्माबरोबर आलेला पाय वेगळा."

"असं कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. पण इतकी वर्षं आत्म्यांशी बोलतोय, थोडं कळायला लागतं."

"तुमच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, तेव्हा कुणाला काही दिसलं नाही ते. मागल्या जन्मी तुम्ही कुणाचे डोळे फोडले होते, काय माहीत."

ओनोफ्रेभाऊ लाल झाले. "ते वयाचं होतं."

"हो, वय तेवढं याच जन्मीचं असतं."

तरी ते चिडले नाहीत. हाच त्यांचा खरा त्रास. चिडत नाहीत. "ताई, मी मनाई केलेली नाही. निल्झेतेनं विचारलं, मला जे वाटतं ते मी सांगितलं. ठरवायचं तिनं."

"तुम्ही सांगितलंत की ठरलंच. तुम्हाला माहीत आहे ते."

"तुमचा पोरीवर जीव आहे, माझाही आहे. पण मला तिचा एवढा एकच जन्म दिसत नाही. पुढचेही दिसतात."

"मला हाच दिसतो," मी म्हटलं. "यात तिला शाळेत खेकडी म्हणतात."

 ते माझ्या हातावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाले, "ताई, तुम्ही गोष्टी फार छान सांगता. सगळ्या गावाला हसवता. पण ही गोष्ट नाही."

मी चढ चढून घरी निघाले. ते वाक्य माझ्या मागे मागे येत होतं, भटक्या कुत्र्यासारखं. ही गोष्ट नाही. मग एलोइनाताईंनी सांगितली ती काय होती? मळ्याची मालकीण, गुलाम पोर, मोडलेला पाय. गोष्टच होती की, आणि तीही अर्धवट. मालकीण कोण, ते सांगितलं. गुलाम पोर कोण, ते कुणी विचारलंच नव्हतं. मी चढावर थांबले. चुनेवाल्याची बायको खिडकीतून म्हणाली, "काय झेफा, दम लागला?" मी म्हटलं, "नाही गं, सापडली."

शुक्रवारी संध्याकाळी केंद्रात बैठक असते. मोठं टेबल, त्यावर पांढरं कापड, पाण्याचा जग. पाणी आम्ही उघडं ठेवतो, प्रार्थनेत वरून त्यात औषध उतरतं. टेबलाभोवती माध्यमं बसतात, म्हणजे आत्म्यांना आपला गळा उसना देणारी माणसं. मीही त्यातली. नोटरीसाहेबांच्या पत्नी एलोइनाताई माझ्या समोर बसायच्या. त्यांच्याकडे सभ्य आत्मे यायचे. फ्रेंच जोगिणी, वैद्य, एखादा कवी. माझ्याकडे यायचे खेचरं हाकणारे, दारू पिऊन नदीत बुडालेले, बायकोला मारून फासावर गेलेले. एकदा एक खेचरवाला माझ्या तोंडून अशा शिव्या द्यायला लागला की टेबलावरचं पाणी कडू झालं. पण ओनोफ्रेभाऊ त्यांच्याशीही तसेच बोलायचे, हळू, समजावत, जसं काही दारुडा त्यांच्या दुकानात डोकेदुखीची गोळी मागायला आलाय. माणूस रडायचा शेवटी, माझ्या डोळ्यांतून. त्याचं मला काही वाटायचं नाही. डोळे धुऊन निघायचे.

त्या शुक्रवारी मागे बाकांवर गाव बसलं होतं. निल्झेते पहिल्या बाकावर. पोरं मागच्या खोलीत, तिथं त्यांना प्रार्थनेची गाणी शिकवतात. प्रार्थना झाली, दिवा बारीक केला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण बहुतेक वेळा सुरुवात माझ्यापासून व्हायची. वाईट आधी उरकून घ्यायचं म्हणून.

"कोण आलंय?" ओनोफ्रेभाऊंनी विचारलं.

"कुणी नाही. मीच बोलतेय."

"ताई, डोळे मिटा."

"आज उघड्या डोळ्यांनीच बोलायचंय. एलोइनाताईंना जी गुलाम पोर दिसली ना, पाय मोडलेली, ती मी."

मागे कुणाचा तरी बाक करकरला.  मागच्या खोलीतली गाणी थांबल्यासारखी वाटली.

"ताई, इथं थट्टा नको," ओनोफ्रेभाऊ म्हणाले.

"थट्टा कुठं करतेय? मी ती होते. आता आठवलं."

"मग इतक्या वर्षांत बोलला नाहीत?"

"कुणी विचारलं? इथं मागल्या जन्माची आठवण निघाली की राण्यांची रांग लागते. त्यांच्या झग्यांचं धुणं कुणी धुतलं, ते आजवर एकाही आत्म्यानं सांगितलं नाही. माझा नंबर कधी यायचा?"

बाकांवर कुणीतरी हसलं आणि खोकल्यात दाबलं.

एलोइनाताई नाही हसल्या. त्या पुढे वाकल्या. बाई वाईट नव्हती, तिला जे दिसायचं ते तिला खरंच दिसायचं. "कुठला पाय?" तिनं हळूच विचारलं.

"डावा."

"कसा मोडला?"

"खोड्यात," मी म्हटलं. "दोन जाड फळ्या, मधे भोकं, त्यात पाय अडकवायचे आणि वरून कुलूप. मालकिणीचा चांदीचा चमचा हरवला होता. मी घेतला म्हणून मला खोड्यात घातलं. चमचा दुसऱ्या दिवशी मक्याच्या पिठात सापडला. खोडा उघडायचं मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पाय सुजला, काळा पडला. बाहेर काढला तेव्हा टाच जी फिरली ती फिरलीच. मग कॉफीच्या ओळींतून काठी टेकत टोपली ओढायची. थंडीत टाच ठणकायची, तेव्हा मी ती उबेला कुत्रीच्या पोटाखाली ठेवायची. कुत्री चांगली होती."

ऐका, यातलं काहीही मी रचलेलं नव्हतं. मी जन्मभर रचत आले, पण हे नाही. हा पाय माझ्या आजीच्या आईचा. फेलिसियाना तिचं नाव. माझी आजी लहानपणी रोज रात्री तो पाय चेपायची, आणि मला चेपायला लावताना स्वतःचा चांगला पाय पुढे करून तिची हकीकत सांगायची. ही एवढी एकच गोष्ट मी गावात कुणाला सांगितली नव्हती. हिच्यात हसायला जागाच नाही. त्या दिवशी मी एवढंच केलं, की ‘ती’ काढून ‘मी’ घातलं. आणि बोलता बोलता माझी डावी टाच खरंच ठणकायला लागली. चपला नव्या होत्या, ते सोडा.

"तर ती मी," मी म्हटलं. "आणि मी माफ केलं. इथं, सगळ्यांच्या समोर, पाण्याच्या साक्षीनं. जिचा पाय मोडला तिला काही नको आहे. मग भाऊ, तुम्ही कुणाच्या वतीनं वसूल करताय?"

निल्झेते तोंडावर हात धरून बसली होती.

ओनोफ्रेभाऊंनी चष्मा काढला. "समोरच्यानं माफ केलं तरी संपत नाही, ताई. ज्यानं दुखवलं, त्याला स्वतःला ते भरून काढायचं असतं. तुम्हालाही हे माहीत आहे."

"माहीत आहे. काढू दे की भरून. भरून काढायला कामं करावी लागतात, लोकांच्या दारी जावं लागतं, आजाऱ्याला उचलावं लागतं. कोपऱ्यात लंगडत बसून ती कुणाचं काय भरणार? तिला दोन पाय द्या, मग मागा तिच्याकडे काय मागायचं ते."

"बरोबर बोलतेय," मागून एक पुरुषी आवाज आला. चुनेवाला असावा. त्याच्या बायकोनं त्याला गप्प केल्याचाही आवाज आला.

ओनोफ्रेभाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग सरळच विचारलं, "ताई, हे खरं आहे का?"

"भाऊ, या टेबलाशी इजिप्तच्या दोन राण्या बसल्यात आणि एक फ्रेंच सरदारीण. त्यांच्याकडे कुणी पुरावा मागितला होता? आधी त्यांचा दाखवा, मग माझा दाखवते."

आता मात्र सगळं केंद्र हसलं. दोन्ही राण्यासुद्धा हसल्या, त्यातली एक आमच्या गावची पोस्टमास्तरीण. ओनोफ्रेभाऊ नाही हसले. हसू ओसरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "मला वाटतं, तुम्ही खोटं बोलताय."

"वाटू द्या."

"या टेबलावर जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याला इथं बसता येत नाही. हा नियम तुमच्यासमोरच केलेला आहे."

"माझ्यासमोर काय, मीच हात वर केला होता."

मी उठले. खुर्ची टेबलाखाली सारली. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट मी थांबावं, काहीतरी बोलावं, एवढंच म्हणावं की चुकले, असं काहीतरी होतं. मी म्हटलं, "ते दारुडे, खेचरवाले येतील, त्यांना आता एलोइनाताईंचा गळा द्या. जरा जपून. त्यांना शिव्यांची सवय नाही."

त्यानंतर मी त्या टेबलाशी कधी बसले नाही. अजूनही कधी शुक्रवारी संध्याकाळी घसा खवखवतो. कोण असेल, काय सांगायचं असेल. मी पाणी पिते.

घरी जाताना इवानी पुढे चालत होती, आपलं पाऊल आडवं टाकत, वाटेतल्या प्रत्येक दगडाला लाथ मारत.  पुलाजवळ आल्यावर निल्झेते म्हणाली, "आई, खरं होतं?"

"तुला काय वाटतं?"

"शपथ घे."

"शपथ घेऊ नका असं प्रभूनं सांगितलंय."

"प्रभूचं तू सोयीचं तेवढं ऐकतेस."

"सगळेच तसं ऐकतात. ओनोफ्रेसुद्धा."

 मग ती म्हणाली, "आणि ती माशाची गोष्ट?"

"ती शंभर टक्के खरी. बेडकांना पोरंही झाली."

निल्झेते हसली. पुलाच्या कठड्याला धरून हसली, आणि हसता हसता रडायला लागली, दिर्सेउच्या वेळी रडायला हवी होती तशी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "पुढच्या जन्मी ती कुणाकडे जाईल, मला कळणार नाही, आई," ती म्हणाली. "मला काही करता येणार नाही."

"म्हणून तर. आता तुझ्याकडे आहे तर कर."

तिनं झग्याच्या बाहीनं नाक पुसलं आणि लेकीला हाक मारली, "इवानी, दगड सोड. चप्पल फाटली तर सोमवारी अनवाणी नेईन."

सोमवारी आम्ही अंधार असतानाच बस धरली. इस्पितळात पोहोचलो तेव्हा उजाडून गेलं होतं. इवानीला तिथला हिरवा झगा घातला, मागून बंद बांधायचा, आणि एका खाटेवर बसवलं. निल्झेते कुठलीशी सही करायला गेली. आम्ही दोघीच राहिलो. खिडकीतून आंब्याचं झाड दिसत होतं.

पोरगी बोलत नव्हती. एरवी तिचं तोंड बंद करायला मक्याच्या केकचा मोठा तुकडा लागायचा. मला वाटलं, भूल द्यायची म्हणून घाबरलीय. मी तिला सांगितलं, भूल म्हणजे काही नाही, माझ्या मावशीला भूल दिली तेव्हा ती झोपेतच उठून नाचली आणि डॉक्टरांशी तिचं लग्न ठरलं.

ती हसली नाही.

"आजी, ती मी होते?"

"कोण?"

"तुझा पाय मोडणारी. मागच्या खोलीत सगळं ऐकू आलं. गाण्याच्या ताईनं गाणं थांबवलं होतं."

मी खाटेवर तिच्याजवळ सरकले.  "मी माफ केलंय ना," मी म्हटलं. "ऐकलंस ना तेही?"

"ऐकलं. पण मी माफी मागितलीच नव्हती."

"मागायची गरज नाही गं."

"आहे. शाळेत बाई म्हणतात, आधी मागायची, मग मिळते." तिनं पाय खाटेवरून खाली सोडले. "म्हणून मी विचार करत होते की माझा पाय नको नीट करायला. तुझा तर कुणी केला नव्हता."

दारात ढकलगाडी आली. एक नर्स आणि एक दांडगा मुलगा. निल्झेते त्यांच्या मागे उभी होती. इवानी खाटेवरून उतरली, वाकड्या पायावर तोल सावरत फरशीवर बसली, माझ्या पुढ्यात. मागचा बंद सुटला होता, पाठ उघडी पडली होती.

"डावा ना?"

अगं, ती तू नव्हतीसच. असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. कुणीच नव्हतं, मी रचलं सगळं, ऊठ, पाठीला गार लागेल. पण तिनं तोवर माझी चप्पल काढली होती आणि दोन्ही हातांनी माझी टाच धरली होती. धुण्याच्या पाण्यात जन्म काढलेली टाच, भेगाळलेली. माझ्या आजीनं तिच्या आईची टाच धरली असेल तशी.

"मला माफ कर," इवानी म्हणाली. "खोडा उघडायला विसरले."

नर्स थांबली. बहुधा तिला वाटलं, घरातली काही रीत असेल.

आमच्याकडे, मळ्यांच्या त्या सगळ्या मुलखात, आजवर कुणी कुणाची अशी माफी मागितलेली मी ऐकलेली नाही. फेलिसियाना मेली तेव्हा मालकाच्या घरून एक कोंबडी आली होती, तीही म्हातारी. तिच्यानंतर तिच्या लेकीकडे कुणी आलं नाही, माझ्याकडेही नाही. आणि आता ही आली होती, पुढचे दोन दात पडलेली, मागून उघडी. हिनं काहीच केलेलं नव्हतं. मी ताठ बसले. पाय मागे घेतला नाही.

"पोचलं," मी म्हटलं. "जिथं पोचायचं तिथं पोचलं, बाळा. आता तुझ्याकडे काही राहिलं नाही. जा, पाय नीट करून घे."

"तुझा?"

"माझा आता बरा आहे."

तिनं जरा वेळ माझ्याकडे नीट बघितलं, मग मान हलवली. त्या दांडग्या मुलानं तिला उचलून गाडीवर ठेवलं. निल्झेते तिच्याबरोबर दारापर्यंत गेली, एका हातानं गाडी धरून, दुसऱ्यानं पोरीचा बंद बांधत. दार झुललं आणि बंद झालं.

नर्स माझी चप्पल उचलायला वाकली. "आजी, घाला ना. फरशी गार आहे."

"असू दे," मी म्हटलं. "थांब जरा."

आणि मी तशीच बसून राहिले, एक पाय चपलेत, एक पाय उघडा फरशीवर.